नदी कोणाकडे वाहते?

(फणसवाडी, गिरगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, खेतवाडी ही गिरगावातील नावेच सांगतात की, येथे एके काळी बागा होत्या आणि बागांना पाणी देणाऱ्या विहिरी होत्या. फणस गेले, विहिरी बुजल्या, त्या जागी चाळी उभ्या राहिल्या. चाळींत येणारे पाणी आता वाडीतले राहिलेले नाही. ठरलेल्या वेळी नळ सुटतो, बादल्या व पिंपे भरली जातात, आणि तासा-दोन तासांत तो बंद होतो. हे पाणी कोठून येते, असे चाळीतल्या मुलाला विचारले तर ते ‘महापालिकेकडून’ असे सांगेल, आणि त्याचे उत्तर चुकीचेही म्हणता येणार नाही. परंतु महापालिका पाणी निर्माण करीत नाही. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग वैतरणा, तानसा आणि भातसा या नद्यांतून येतो. यांपैकी वैतरणा उगम पावते ती नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकच्या डोंगररांगेत. त्याच रांगेतील ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम आहे. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाला पडलेल्या पावसाचे पाणी गिरगावच्या चाळीत येऊ शकते, तर दुसऱ्या अंगाला पडलेले पाणी सारे दख्खन ओलांडून आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत जाते. नद्यांच्या उगमाचा आणि प्रवाहाच्या दिशेचा विषय फणसवाडीत काढण्याचे कारण एवढ्यावरून ध्यानात यावे.

शाळेच्या भूगोलात हा विषय चार ओळींत आटोपतो. गंगा गंगोत्रीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सिंधू, सतलज व ब्रह्मपुत्रा यांचे उगम तिबेटातील कैलास-मानसरोवराच्या परिसरात एकमेकींपासून फार लांब नाहीत. पण सिंधू वायव्येला निघते आणि अखेरीस अरबी समुद्र गाठते, तर ब्रह्मपुत्रा हिमालयाच्या मागून पूर्वेला दूरवर जाऊन मग वळसा घालते व आसामात उतरते. मध्य भारतातील अमरकंटकच्या पठारावरून नर्मदा पश्चिमेला खंबायतच्या आखाताकडे जाते आणि शोण उत्तरेला जाऊन गंगेला मिळते. तापी बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावून पश्चिमेलाच वाहते. या दोघींच्या पश्चिमवाहिनी असण्याचे कारण असे की, भूकवच खचून झालेल्या लांबट दऱ्यांतून त्यांचा मार्ग गेलेला आहे. द्वीपकल्पातील इतर मोठ्या नद्या, म्हणजे महानदी, गोदावरी, कृष्णा आणि कावेरी, पूर्वेकडे जातात, कारण दख्खनच्या पठाराचा उतारच पूर्वेला आहे.

या उताराचा मोठा चमत्कार महाराष्ट्रात पाहावयास मिळतो. गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर आहे. परंतु ती त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांची वाट चालून बंगालचा उपसागर गाठते. कृष्णेचा उगम समुद्रापासून त्याहूनही जवळ आहे, तरी तीही सुमारे १,४०० किलोमीटर चालून पूर्वेलाच जाते. सह्याद्रीची धार ही अशी पाणी वाटणारी रेषा आहे. तिच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणातील आखूड, वेगवान नद्यांतून एक-दोन दिवसांत समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला पाऊस तीन-तीन राज्यांची शेते भिजवीत जातो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात भाविकांना कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम दाखविला जातो. गोमुखातून पडणाऱ्या त्या पाण्यात हात धरताना या पाच बहिणी पुढे कोठे जातात याचा विचार फार थोडे लोक करतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कऱ्हाडला मिळते, आणि तिघी मिळून पूर्वेला जातात. सावित्री मात्र पश्चिमेला कोसळते आणि महाडवरून समुद्राकडे जाते. याच महाडमध्ये १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. निसर्गाने पाणी भरपूर दिलेले, तळे सार्वजनिक, आणि तरीही माणसाला माणूस पाणी भरू देत नव्हता. पाण्याचा प्रश्न पावसाने सुटत नाही, तो माणसांच्या परस्परसंबंधांचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला उघड दिसले.

महाबळेश्वर ज्या सातारा जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात माण तालुका आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमध्ये तो पाचशेच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. दोहोंमध्ये अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे. साऱ्या राज्याचा हिशेब केला तरी चित्र असेच आहे. कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांच्या वाट्याला राज्याचा सुमारे एक-दशांश भूभाग येतो, पण राज्याच्या नद्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी त्या वाहून नेतात. ही विषमता निसर्गाची आहे आणि तिच्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने या विषमतेचे काय केले, याचा जाब अवश्य विचारता येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत होत्या. कोळसा दूरवरून येई, महाग पडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडले तर सुमारे पाचशे मीटरांच्या उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर वीज तयार होईल, ही कल्पना टाटा उद्योगसमूहाने उचलली. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि मुळशी येथील तलाव या तीन केंद्रांसाठी बांधलेले आहेत. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी मोठी होती, यात संशय नाही. पण या तलावांत अडविलेले पाणी कोणाचे होते? इंद्रायणी, आंध्रा, मुळा आणि नीला यांचे. या साऱ्या भीमेच्या खोऱ्यातील पूर्वगामी नद्या आहेत. त्यांचे पाणी देहू-आळंदीवरून, पुण्यावरून भीमेत आणि भीमेतून पंढरपूर-सोलापूरकडे जाणारे होते. त्याला सह्याद्रीच्या धारेवर पाठीमागे वळविण्यात आले. वीज करून झाल्यावर ते उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका या कोकणातील नद्यांत सोडले जाते. वाटेतील वस्त्या आणि कारखाने त्यातून काही पाणी घेतात, बाकीचे खाडीला मिळते. लक्षावधी वर्षांच्या भूरचनेने ठरविलेली दिशा एका कंपनीच्या गरजेसाठी पंधरा वर्षांच्या आत बदलली.

यांपैकी मुळशीचे धरण विनाविरोध झाले नाही. मुळा-नीलेच्या संगमावर बांध घातला की मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला ‘सार्वजनिक हिता’साठी जमीन घेण्याचा अधिकार दिला होता, खाजगी कंपनीचे धरण त्या हितात बसविण्यात आले. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली बाया-बापड्या बांधकामावर जाऊन बसल्या, त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. जगातील धरणविरोधी लढ्यांत या लढ्याची गणना अगदी आरंभीच्या लढ्यांत होते. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला.

तो का हरला, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने नीट केला पाहिजे. पेट्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि मावळा पुष्कळ ठिकाणी आपल्याच खाचरात कूळ म्हणून राबत होता. सावकाराच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम. योग्य मोबदला मिळाला की त्याचा प्रश्न संपत होता. मावळ्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे पोट. मोबदला की जमीन, या प्रश्नावर लढ्याला तडा गेला, तो या दोन वर्गांच्या मधोमध. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मुळशीची वीज ज्या गिरण्यांना जाणार होती त्या गिरण्यांत परळ-लालबागचा आणि गिरगावचा कामगार काम करीत होता. तो स्वतः कोकणातून, घाटावरून, साताऱ्याच्या डोंगरातून आलेला, म्हणजे मुळशीच्या मावळ्याचा भाऊबंदच. एका भावाचे शेत बुडवून दुसऱ्या भावाचा माग चालवायचा, असा तो व्यवहार होता आणि नफा मात्र तिसऱ्याचा होता. या दोन भावांची गाठ घालून देणारी संघटना त्या वेळी नव्हती. ती असती तर धरण झालेच नसते असे नाही, पण शर्ती निराळ्या झाल्या असत्या.

स्वातंत्र्यानंतर भांडवलदार कंपनीच्या जागी सरकार आले, म्हणजे प्रश्न बदलला असे अनेकांना वाटले. कोयनेचा इतिहास तसे सांगत नाही. कोयना महाबळेश्वराहून निघून बराच काळ सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कऱ्हाडची वाट धरते. त्या वळणाच्या वर बांध घालून, बोगद्यातून पाणी पश्चिमेला पोफळीला उतरविण्याची योजना १९५० च्या दशकात हाती घेण्यात आली आणि १९६२ पासून वीज मिळू लागली. आज या प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगांचा तो कणा ठरला. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, १९७० च्या दशकात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी दिले, आणि कोयनेतून पश्चिमेला वळविण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे वळविलेले पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला जाते. टाटांच्या तलावांतून वळविले जाणारे पाणी त्यात मिळविले तर बेरीज शंभर टीएमसीच्या पलीकडे जाते. ज्या कृष्णा-भीमा खोऱ्यात माण, खटाव, आटपाडी, सांगोला हे तालुके दर दोन-तीन वर्षांनी टँकरची वाट पाहतात, त्याच खोऱ्याच्या माथ्यावरून एवढे पाणी दर वर्षी पाठीमागे सांडले जाते. आणि कोयनेच्या पोटात ज्यांची गावे गेली त्यांच्या नातवंडांना पुनर्वसनासाठी अजून मोर्चे काढावे लागतात. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये, कोयना भरल्यावर दशकाहून अधिक काळाने.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. धरणे नकोत, वीज नको, पूर्वीचेच बरे, अशी ही भूमिका आहे काय? मुळीच नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना पाणी अडविण्याचा, ताली-बंधारे घालण्याचा आणि त्यासाठी सरकारी पलटणी कामाला लावण्याचा आग्रह धरला होता. डॉ. लोहियांनी नद्यांच्या शुद्धीचा प्रश्न राजकारणाचा प्रश्न म्हणून मांडला. पाणी अडवू नये असे पुरोगामी परंपरेत कोणी म्हटलेले नाही. कोणासाठी अडविले, कोणाचे बुडविले आणि कोणाला न विचारता वळविले, एवढेच तिने विचारले आहे. वीज आता इतर मार्गांनीही करता येते. पाणी मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. १९१५ साली जो हिशेब पटण्याजोगा वाटला असेल तो आज पुन्हा मांडून पाहण्यास हरकत कोणाची असावी?

ज्या गिरण्यांसाठी हे सारे आरंभिले, त्या गिरण्या आज कोठे आहेत? जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि लालबाग-परळच्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. कामगार विरार-कल्याणच्या पलीकडे फेकला गेला. मावळ्याची जमीन गेली, नंतर कामगाराचे काम गेले. पण पाणी अजून पश्चिमेलाच पडते आहे. विजेला गिऱ्हाईक बदलून मिळाले, एवढाच फरक झाला.

मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची कथाही याहून फार निराळी नाही. १८६० मध्ये विहार तलाव झाला, मग तुळशी, १८९२ मध्ये तानसा, स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहर वाढत गेले तसतसा त्याचा हात सह्याद्रीकडे लांब होत गेला. या नद्या मुळातच पश्चिमवाहिनी असल्याने येथे दिशा उलटी करावी लागली नाही. परंतु ज्या शहापूर आणि मोखाडा तालुक्यांच्या अंगाखांद्यावर ही धरणे उभी आहेत तेथील आदिवासी पाड्यांवर उन्हाळा आला की टँकर जातो आणि बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. धरणाची भिंत त्यांच्या दारातून दिसते, जलवाहिनी त्यांच्या शेताजवळून जाते. तिच्यातील पाण्यावर त्यांचा हक्क मात्र नाही.

आणि ते पाणी शहरात आले म्हणजे सर्वांना सारखे मिळते असेही नाही. गोरेगावच्या नळाचा प्रश्न घेऊन मृणाल गोरे रस्त्यावर उतरल्या तेव्हा लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. पक्षाच्या इतिहासातील हे सर्वांत मोलाचे पद होय. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. नदीची दिशा त्र्यंबकच्या डोंगरात ठरते. पण तिच्या अखेरच्या शंभर फुटांची दिशा महापालिकेच्या दप्तरात ठरते.

आज या कथेला एक नवे वळण मिळत आहे. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी उचलून गोदावरी आणि गिरणेच्या खोऱ्यात टाकण्याच्या योजना शासनाने पुढे आणल्या आहेत. नार-पार-गिरणा हे त्यांतील एक नाव. मराठवाड्याची आणि खानदेशाची तहान खरी आहे, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार मुंबईकराला नाही. परंतु गंमत पाहावी. एका ठिकाणी पूर्वेचे पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला पाडायचे, आणि दुसऱ्या ठिकाणी वीज खर्चून पश्चिमेचे पाणी पूर्वेला चढवायचे! कृष्णा खोऱ्यात तर हा अनुभव आलेलाच आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना खालच्या अंगाला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात. त्यांचे वीजबिल कोणी भरावे, यावर वर्षानुवर्षे पंप बंद पडत आले. डोंगरमाथ्यावर ज्या पाण्याला उताराने, फुकट, पूर्वेला जाता आले असते, त्याच खोऱ्याच्या पायथ्याशी दुसरे पाणी बिल भरून वर चढवावे लागते. यात शास्त्राचा दोष नाही. एक कारभार एका टोकाला ठरला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि साऱ्या खोऱ्याचा मिळून विचार कोणी केला नाही.

आणि चढविलेले पाणी तरी कोणाच्या शेतात जाणार? १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्याचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातील माणसांच्या संख्येने मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही वाटा मिळेल. ऊस लावता येणार नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभे केले आणि पाण्याचा समान वाटा हेच त्याचे तत्त्व ठेवले. हे प्रयोग लहान आहेत, पण ज्या प्रश्नापाशी मोठ्या योजना थांबतात तेथून ते सुरू होतात. वाटपाचा नियम आधी ठरला नाही तर पाणी कोणत्याही दिशेने न्या, ते शेवटी उसाच्या फडाकडे आणि साखर कारखान्याकडेच जाते. समाजात उतार आहे तोवर पाणी त्या उतारानेच वाहणार.

म्हणून पाण्याच्या कोणत्याही योजनेचा कागद समोर आला की कार्यकर्त्याने त्यात चार गोष्टी शोधाव्यात. पाणी कोणत्या खोऱ्यातून काढले जाते आणि तेथील गावांना आधी विचारले गेले काय? बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन भिंत उभी राहण्यापूर्वी होणार काय? पाणी चढवावयाचे असेल तर त्याचे बिल कोण भरणार? आणि भूमिहीनाचा व गरीब शेतकऱ्याचा वाटा कोठे लिहिलेला आहे? ही चार उत्तरे नसतील तर ती योजना कितीही भव्य असो, तिचा कंत्राटदार ठरलेला असतो, एवढेच खात्रीने म्हणता येईल.

फणसवाडीतील कार्यकर्त्यावर याशिवाय आणखी एक जबाबदारी येते. शहापूर-मोखाड्याचे लोक पाण्यासाठी मुंबईत मोर्चा आणतील, कोयनेचे धरणग्रस्त आझाद मैदानावर येऊन बसतील, तेव्हा ते परके म्हणून येत नाहीत. घेणेकरी म्हणून येतात. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्याची आणि गिरणी कामगाराची गाठ पडली नाही, त्याची किंमत दोघांनीही मोजली. ती गाठ घालण्याचे काम अजून शिल्लक आहे. चाळीच्या नळावर भांडे भरताना हे पाणी कोठून आले हे मुलांना सांगण्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते.